दक्षिणेला ध्रुव नाही

उत्तरेकडच्यांचं बरं आहे.
त्यांचा एक तारा मांडी घालून बसलेला असतो
अढळपदाच्या पाटावर.
त्याच्यावर नळी रोखली की निम्मं काम झालं.
आमच्या कारूत त्या जागी
नुसता काळोख.
म्हणायला आहे एक तारा तिथे, मिणमिणता,
पण जुलैतल्या थंडीनं डोळ्यांत पाणी आलं
की तोही विझतो.

मी अबराम क्लास्टे. दिवसा मेंढ्या कातरतो.
आज एकशे बारा.
यंत्र बंद करून चार तास झाले
तरी मनगटात ते चालूच आहे,
आणि याच मनगटानं आता
स्क्रू फिरवायचाय,
केसभर नाही, अर्ध्या केसानं.

तीन पाय तीन विटांवर.
विटांना मिएतानं निळा रंग फासलाय,
मेंढ्यांच्या पाठीवर खुणा करायचा तोच.
पाणसळीतला बुडबुडा मध्ये आणला.
अक्ष बत्तीस अंश वर.
होकायंत्र इथे खोटं बोलतं,
चांगलं वीस-पंचवीस अंशांनी,
म्हणून भर दुपारी पवनचक्कीच्या सावलीवरून
मातीत ओढून ठेवलेली रेघ धरली.
एवढं झालं की अंदाज संपतो.
पुढे वाट बघणं.

तुळेतला एक बिननावाचा तारा
याम्योत्तर वृत्तावर आला, त्याला फुलीवर घेतला.
मोटर चालू. श्वास बाजूला, काचेवर नको.
मिएता घोंगडीत, लाल टॉर्च दातांत धरून.
‘मामा, काय बघतोस?’
‘पळतो का ते.’
‘आणि पळाला तर?’
‘तर तो नाही, आपण चुकलोय.’

पाच मिनिटांनी तारा उत्तरेला सरकला.
म्हणजे अक्ष पूर्वेला कललाय.
पाव फेरा पश्चिमेला.
पुन्हा फुली, पुन्हा पाच मिनिटं.
बोटांना मेंढीची कातडी आठवते:
पात्याखाली कुठे घडी आहे, कुठे हाड,
ते डोळ्यांना दिसत नसतं,
हात जरा आधीच वळतो.
साडेनऊला पूर्वेकडे श्रवण वर आला.
तो दक्षिणेला घसरला. अक्ष फार उंच.
उतरव. अजून. थोडा मागे घे.
थांब.

मग श्रवण फुलीवर बसला
आणि बसून राहिला.
मिएताचे दात वाजत होते,
पवनचक्की थांबली होती,
बरोबर वीस मिनिटं
आमच्या विटांखालची पृथ्वी फिरत होती
आणि नळीला ते कळत नव्हतं.

वृश्चिकाच्या नांगीपाशी कॅमेरा लावला.
पहिला फोटो पाच मिनिटांचा.
चौथ्या मिनिटाला
बाटलीच्या दुधावर वाढवलेलं आमचं कोकरू
अंधारातून आलं
आणि निळी वीट ओळखीची वाटली म्हणून
मधल्या पायाला पाठ घासू लागलं
अगदी मनापासून.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.
मिएतानं ते शाळेत वापरू नये एवढंच.

पुन्हा पाणसळ. पुन्हा तुळेतला तारा,
तो एव्हाना पार कलला होता,
म्हणून त्याच्या मागून आलेला दुसरा.
पहाटे तीनला दोन फोटो मिळाले, धड,
तारे मोहरीसारखे गोल.
ते फोनमध्ये आहेत कुठेतरी.

कातरशेडच्या दारावर मी डकवलाय
पहिला, बिघडलेला.
त्यात प्रत्येक ताऱ्याला एक आकडा फुटलाय,
सगळे एकाच बाजूला वळलेले,
एकाच मापाचे.
कातरणारे विचारतात, हे रे काय?
मी कोकराकडे बोट दाखवतो.
ते आता मोठं झालंय.
पुढच्या आठवड्यात त्याचीही पाळी.